ग्रह कशाला म्हणायचं? प्लूटो, गुरूची कुळं आणि ती बदनाम तिसरी अट

प्रश्न असा आला आहे: "आम्ही शाळेत नऊ ग्रह पाठ केले, मुलीच्या पुस्तकात आठ आहेत. प्लूटोने आपली कक्षा साफ केली नाही म्हणून तो बाद, असं सांगतात. पण पृथ्वीच्या वाटेत लघुग्रह येतातच, गुरूच्या कक्षेत तर हजारो आहेत. मग त्यांची कक्षा साफ कशी म्हणायची? आणि शास्त्रातली गोष्ट हात वर करून मतदानाने ठरते का?"

शंका अगदी रास्त आहे. तीसएक वर्षं मी दुर्बीण गाडीत टाकून गावोगाव आकाशदर्शनाचे कार्यक्रम करतो. २००६ नंतर प्लूटोचा विषय निघाला नाही असा एकही कार्यक्रम मला आठवत नाही. लोक शनीची कडी बघतात, 'आहाहा' म्हणतात आणि दुर्बिणीवरून डोळा काढल्या काढल्या विचारतात, "पण प्लूटोला का काढलं हो?" जणू मीच काढला.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ग्रह कशाला म्हणायचं याची जी व्याख्या आंतरराष्ट्रीय खगोल संघाने २००६ मध्ये केली तिची भाषा वाईट आहे, पण तिने जी रेघ ओढली ती खरी आहे. ती माणसांनी ओढलेलीच नाही. आकडे मांडले की आपोआप दिसते.

थोडं मागे जाऊ, कारण 'ग्रह' या शब्दाचा अर्थ काही पहिल्यांदाच बदललेला नाही. आपल्या नवग्रहांत रवी आणि चंद्र आहेत, पृथ्वी नाही, आणि राहू-केतू तर वस्तूच नाहीत. चंद्राचा मार्ग सूर्याच्या मार्गाला जिथे छेदतो ते दोन बिंदू म्हणजे राहू आणि केतू. ग्रीकांकडेही सूर्य-चंद्र ग्रहांतच होते, त्यांच्या शब्दाचा अर्थ 'भटके'. म्हणजे मूळ कसोटी एकच होती, ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर जे सरकतं ते. १५४३ मध्ये कोपर्निकसचं पुस्तक आलं आणि हळूहळू सूर्य यादीतून गेला, पृथ्वी आत आली. तरी चंद्रांचा घोळ पुढे बराच काळ राहिला. कासिनीने शनीचे दोन नवे चंद्र शोधले तेव्हा त्याने 'शनीभोवतीचे दोन नवे ग्रह' असंच लिहिलं होतं.

मग १ जानेवारी १८०१. सिसिलीतल्या पालेर्मोच्या वेधशाळेत पियाझीला सेरेस सापडला. मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या रिकाम्या जागेत ग्रह मिळाला म्हणून आनंदीआनंद झाला. १८०२ मध्ये पॅलास, १८०४ मध्ये जुनो, १८०७ मध्ये वेस्टा. चाळीसएक वर्षं पुस्तकांत अकरा ग्रह होते: बुधापासून युरेनसपर्यंत सात, वर हे चार. (युरेनसला आपले जुने पंचांगकर्ते 'हर्षल' म्हणतात. शोधणाऱ्या हर्शेलचं नाव मराठीत असं मुरलं की पुष्कळांना तो शब्द संस्कृतच वाटतो.) १८४५ मध्ये पाचवा सापडला आणि मग पोतं फाटल्यासारखे सापडतच गेले. १८५१ संपेपर्यंत पंधरा झाले. तेव्हा खगोलशास्त्रज्ञांनी मुकाट्याने या मंडळींना क्रमांक दिले आणि लघुग्रह म्हणून वेगळ्या वहीत टाकलं. ना मतदान झालं, ना मोर्चा निघाला. सेरेस पन्नासेक वर्षं ग्रह होता आणि मग नव्हता, इतकं साधं.

वेस्टा मात्र मी स्वतः सरकताना पाहिला आहे, आणि 'ग्रह' या शब्दाचा जुना अर्थ मला त्या रात्री खरा कळला. २०१० च्या फेब्रुवारीत तो सिंह राशीत होता, मघाच्या वरच्या बाजूला अल्जिबा नावाचा पिवळसर तारा आहे त्याला जवळजवळ खेटून चालला होता. साधी १० बाय ५० ची द्विनेत्री घेतली, वहीच्या पानावर त्या भागातले ठिपके काढले. दुसऱ्या रात्री पुन्हा काढले. बाकीचे सगळे ठिपके एकावर एक बसले, एक तेवढा हलला होता, पूर्ण चंद्राच्या निम्म्या रुंदीएवढा. बस. दिसायला तो ताऱ्यासारखाच ताऱ्यासारखा, पण जागा सोडून गेलेला. १९३० मध्ये ॲरिझोनातल्या फ्लॅगस्टाफला क्लाइड टॉम्बॉने हेच केलं, फक्त वहीऐवजी फोटोच्या काचा होत्या. २३ आणि २९ जानेवारीच्या दोन काचा एका यंत्रात आलटूनपालटून बघताना १८ फेब्रुवारीला त्याला एक ठिपका उडी मारताना दिसला. तो प्लूटो.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ती आपल्याकडची आहे आणि फार थोड्यांना ठाऊक आहे. 'ज्योतिर्गणित' लिहिणारे व्यंकटेश बापूजी केतकर यांनी १९११ मध्ये फ्रान्सच्या खगोल संस्थेच्या पत्रिकेत नेपच्यूनपलीकडच्या दोन ग्रहांचं भाकीत छापलं होतं. नावं सुचवली होती ब्रह्मा आणि विष्णू. गुरूच्या उपग्रहांच्या फेऱ्यांत फ्रेंच गणिती लाप्लासने जो मेळ दाखवला होता, त्याच प्रकारचा मेळ धरून त्यांनी गणित मांडलं. त्यांच्या ब्रह्माचं सूर्यापासूनचं अंतर ३८.९५ खगोलीय एकक (पृथ्वी-सूर्य अंतर म्हणजे १) आणि एका फेरीला २४२.२८ वर्षं. प्लूटोचं खरं अंतर सुमारे ३९.५, फेरीला २४८ वर्षं. केतकरांना प्लूटो 'दिसला होता' असं म्हणणं अतिशयोक्ती होईल, पण फेऱ्यांच्या गुणोत्तरावर डोळा ठेवणारा माणूस या जागेच्या जवळ पोहोचला यात मला नवल वाटत नाही. का, ते पुढे येईल.

प्लूटो ग्रह ठरला तो मुख्यतः एका गैरसमजावर. नेपच्यूनपलीकडे एक जड ग्रह आहे आणि तो युरेनसला ओढतो आहे, या समजुतीने शोध चालला होता. तिथे काहीतरी सापडलं म्हणजे तोच तो. सुरुवातीला त्याचं वजन पृथ्वीच्या आसपास धरलं होतं, पुढे दर दशकात ते घटत गेलं. १९७८ मध्ये जेम्स क्रिस्टीला प्लूटोचा चंद्र शॅरन सापडला. चंद्र मिळाला की वजन पक्कं काढता येतं. आलं पृथ्वीच्या पाचशेव्या भागाहूनही थोडं जास्त, म्हणजे ०.२२ टक्के. आपला चंद्र त्याच्या साडेपाचपट जड. एवढा हलका जीव युरेनसला काय ओढणार? पुढे व्हॉयेजर २ या यानाने १९८९ मध्ये नेपच्यूनचं वजन नीट मोजून दिलं, तेव्हा युरेनसची ती 'ओढ'च नाहीशी झाली. हिशेबातली चूक होती.

त्यानंतर सेरेसचीच गोष्ट पुन्हा घडली. १९९२ मध्ये हवाईच्या मौना केआवरून ज्युइट आणि लू यांना नेपच्यूनपलीकडे दुसरी वस्तू सापडली, मग शेकड्यांनी सापडल्या. याला आपण कायपर पट्टा म्हणतो. आणि २००५ मध्ये माइक ब्राउन यांच्या गटाने नेपच्यूनपलीकडचाच एरिस जाहीर केला. व्यास २,३२६ किलोमीटर, प्लूटोच्या २,३७७ पेक्षा किंचित कमी, पण वजन प्लूटोच्या सव्वापट. आता दोनच वाटा उरल्या: एरिसला दहावा ग्रह म्हणा, किंवा प्लूटोला बाहेर काढा. म्हणून २००६ मध्ये प्रागला व्याख्या करायला बसावं लागलं.

आता मतदानाचं. प्लूटो काय आहे हे मतदानाने ठरलं नाही. त्याला कुठल्या नावाने हाक मारायची ते ठरलं, आणि नावं नेहमी माणसंच ठरवतात. आंतरराष्ट्रीय खगोल संघाच्या त्या अधिवेशनात पहिला मसुदा वेगळाच होता. गोल असेल आणि ताऱ्याभोवती फिरत असेल तर ग्रह, एवढंच. त्याने ग्रह बारा झाले असते: सेरेस, शॅरन आणि एरिस आत. त्यात शॅरनला आत घेण्यासाठी एक युक्ती होती. दोन वस्तूंचा सामाईक गुरुत्वमध्य मोठ्या वस्तूच्या बाहेर पडत असेल तर दोघेही ग्रह. पृथ्वी-चंद्राचा मध्य सध्या पृथ्वीच्या पोटात आहे, केंद्रापासून सुमारे ४,६७० किलोमीटरवर. पण चंद्र वर्षाला ३.८ सेंटिमीटरने लांब जातोय. म्हणजे काही अब्ज वर्षांनी एका सकाळी आपला चंद्र बसल्या जागी ग्रह झाला असता! तो मसुदा पडला हे बरंच झालं.

२४ ऑगस्ट २००६ ला, अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, सभागृहात उरलेल्या सुमारे सव्वाचारशे सदस्यांनी पिवळी कार्डं वर करून तीन अटी मान्य केल्या. वस्तू सूर्याभोवती फिरत असावी. ती स्वतःच्या वजनाने गोल झालेली असावी. आणि तिने आपल्या कक्षेचा परिसर मोकळा केलेला असावा. पहिल्या दोन पाळणारी पण तिसरी न पाळणारी वस्तू म्हणजे बटुग्रह. 'बटुग्रह हाही ग्रहांचाच एक प्रकार' असं म्हणणारा ठराव वेगळा मांडला गेला आणि तो नामंजूर झाला. त्यामुळे भाषेत एक गाठ बसली: बटुग्रह हा ग्रह नाही. मुंजीतला बटू लहान असला तरी मुलगाच असतो की! इंग्रजीतही हीच अडचण आहे. गंमत अशी की 'लघुग्रह' आणि 'उपग्रह' या शब्दांनी आपल्याकडे कुणाचाच कधी गोंधळ होत नाही. त्यांतही 'ग्रह' आहेच की.

पहिल्या अटीत सांगण्यासारखं एवढंच, की तिने चंद्र बाजूला पडतात. गुरूचा गॅनिमीड व्यासाने बुधापेक्षा मोठा आहे, पण फिरतो गुरूभोवती, म्हणून उपग्रह.

दुसरी अट मला आवडते, कारण ती डोळ्यांनी समजते. डोंगर किती उंच होऊ शकतो? पायथ्याचा खडक वरचं वजन पेलेल तोवर. एव्हरेस्ट पावणेनऊ किलोमीटर. मंगळावर गुरुत्व पृथ्वीच्या ०.३८ पट, म्हणून तिथला ऑलिंपस मॉन्स बावीस किलोमीटरच्या घरात जाऊ शकला. वस्तू जितकी लहान तितकं गुरुत्व कमी, तितका डोंगर उंच. लहान करत करत एक पायरी अशी येते की डोंगर आणि ती वस्तू एकाच मापाची होते. मग गोल व्हायचं कारणच उरत नाही. मंगळाचा चंद्र फोबोस बघा, २७ बाय २२ बाय १८ किलोमीटर, चक्क बटाटा. मोठ्या वस्तूत मात्र खडकही कणकेसारखा दबतो आणि गोळा होतो.

पण रेघ ओढायला ही अट कुचकामी आहे. शनीचा मिमास फक्त ३९६ किलोमीटरचा आणि छान गोल, कारण बर्फाचा. नेपच्यूनचा प्रोटियस त्याच्याहून मोठा आणि ओबडधोबड. वेस्टा ५२५ किलोमीटरचा, गोल म्हणावा तर दक्षिणेला टक्कर होऊन उडालेला केवढा तरी टवका. नेपच्यूनपलीकडचा हौमेया दर चार तासांना स्वतःभोवती फिरतो आणि त्या वेगाने अंड्यासारखा लांबुळका झालाय, तरी बटुग्रहांत आहे. इथे निसर्गाने पायरी ठेवलेलीच नाही, नुसता उतार आहे. उतारावर कुठेही खूण केली तरी भांडण होणारच.

आता तुमचा खरा प्रश्न, तिसरी अट. 'साफ केली' या शब्दाने सगळा घात केला. ऐकल्यावर झाडू मारलेलं अंगण डोळ्यांपुढे येतं, आणि मग तिथे एक खडा दिसला तरी माणूस म्हणतो, बघा, कुठे साफ आहे? प्रश्न कचऱ्याचा नाही, मालकीचा आहे.

जुन्या गावातली जमीन डोळ्यांपुढे आणा. एका मालकाच्या शिवारात पंचवीस कुळं राहतात. शिवार रिकामं नाही, पण कोण कुठे राहील, कुठून ये-जा करेल हे मालक ठरवतो. गुरूच्या कक्षेत ट्रोजन नावाचे लघुग्रह आहेत, दहा हजारांहून जास्त ज्ञात. ते कुठे आहेत? वाट्टेल तिथे नाहीत. गुरूच्या पुढे ६० अंशांवर एक झुंड, मागे ६० अंशांवर दुसरी. गुरूच्या आणि सूर्याच्या ओढीने जिथे टिकाव लागतो तिथेच ती टिकली आहेत, बाकीची केव्हाच भिरकावली गेली. सगळी एकत्र केली तरी आपल्या चंद्रापेक्षा कितीतरी हलकी. ही गुरूची कुळं.

आणि प्लूटो? तो नेपच्यूनचं कूळ आहे. त्याची कक्षा इतकी लंबगोल आहे की १९७९ ते १९९९ तो नेपच्यूनपेक्षाही सूर्याच्या जवळ होता. मग टक्कर का होत नाही? नेपच्यूनच्या तीन फेऱ्या होतात तेवढ्यात प्लूटोच्या बरोब्बर दोन. प्लूटो आत येतो तेव्हा नेपच्यून दर वेळी दुसरीकडे असतो, त्यामुळे दोघांमधलं अंतर १७ खगोलीय एककांच्या खाली जात नाही. हा मेळ प्लूटोने नेपच्यूनवर लादलेला नाही. नेपच्यून सुमारे आठ हजारपट जड आहे. असेच तीनाला दोन मेळ पाळणारे दुसरेही पुष्कळ आहेत तिथे. (केतकरांची आठवण इथे येते. गुणोत्तरं शोधणाऱ्याचा खडा गुणोत्तरात अडकलेल्या वस्तूच्या आसपास पडला.)

पृथ्वीच्या जवळून जाणारे पस्तीस हजारांहून जास्त लघुग्रह नोंदले आहेत, हे खरं. स्टीवन सोटर यांनी २००६ मध्ये सरळ तराजू लावला: एका पारड्यात ती वस्तू, दुसऱ्यात तिच्या कक्षेच्या पट्ट्यातलं बाकी सगळं. पृथ्वी बाकीच्या सगळ्यांच्या सुमारे १७ लाख पट भरते. आठांत सर्वांत कमी मंगळ, तरी ५,१०० पट. आणि सेरेस? ०.३३. प्लूटो ०.०७७. मंगळ ते सेरेस, मध्ये कुणीच नाही. उतार नाही, कडा आहे.

यातली आवडती विसंगती म्हणजे ॲलन स्टर्न. प्लूटोकडे गेलेल्या न्यू होरायझन्स मोहिमेचे ते प्रमुख आणि २००६ च्या व्याख्येचे कडवे विरोधक. पण हा कडा आकड्यांत दाखवणारा २०००चा शोधनिबंध स्टर्न आणि लेव्हिसन यांचाच आहे! त्यांचं म्हणणं असं की दरी आहे हे कबूल, पण दोन्ही बाजूंना ग्रहच म्हणा. भूगर्भाकडून बघणाऱ्यांना ते पटतं, आणि त्यांची बाजू अगदी टाकाऊ नाही. २०१५ च्या जुलैत यान प्लूटोजवळून गेलं तेव्हा नायट्रोजनच्या बर्फाचं मैदान, पाण्याच्या बर्फाचे डोंगर, निळसर धुकं असं जिवंत काहीतरी दिसलं. 'हा ग्रह नाही' म्हणायला जीभ अडखळते. पण त्या न्यायाने आपला चंद्र, शनीचा टायटन, गुरूचा युरोपा सगळेच ग्रह होतात, यादी शंभरावर जाते. त्यांना ती चालते. मला कक्षा बघायची सवय, मला नाही चालत.

तुम्हाला स्वतः पडताळायचं असेल तर झां-लुक मार्गो यांनी २०१५ मध्ये दिलेलं सूत्र मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर बसतं. सूर्याभोवतीच्या वस्तूसाठी: वजन पृथ्वीच्या पटीत घ्या, ८०७ ने गुणा, आणि खगोलीय एककातल्या अंतराच्या १.१२५ घाताने भागा. उत्तर १ च्या वर आलं तर ती वस्तू सूर्याच्या आयुष्यात आपली कक्षा ताब्यात आणू शकते. पृथ्वी ८०७. मंगळ ५४. सेरेस ०.०४. प्लूटो ०.०२८. मुलीला करू द्या, तिच्या लक्षात राहील.

या सूत्रातून एक अडचणीची गोष्टही निघते, ती लपवत नाही. बुध उचलून प्लूटोच्या जागी ठेवला तर उत्तर सुमारे ०.७ येतं, म्हणजे तोच बुध तिथे ग्रह ठरणार नाही. पृथ्वीसुद्धा चारशे एककांवर नेली तर नापास. विरोधकांचा हा सर्वांत जोरकस मुद्दा आहे. माझं उत्तर: नदी की ओढा हेही नुसतं पाण्यावरून ठरत नाही, ते कुठून कुठे वाहतं यावरून ठरतं.

दुसऱ्या ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांचं काय, असं पुढे कुणी विचारेलच. २००६ च्या व्याख्येत 'सूर्याभोवती' असं स्पष्ट आहे, म्हणून १९९५ पासून सूर्यासारख्या ताऱ्यांभोवती सापडत आलेले हजारो ग्रह तिच्या बाहेर राहतात. त्यांच्यासाठी संघाची वेगळी कामचलाऊ व्याख्या आहे, वरची मर्यादा गुरूच्या १३ पट वजनाच्या आसपास, कारण त्याहून जड वस्तूच्या पोटात ड्युटेरियम (जड हायड्रोजन) जळू लागतं. मार्गो आणि सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये सुचवलंय की गोलाईची अट सोडून सरळ वजनच धरावं: खाली १ वर २३ शून्यं एवढे किलोग्रॅम, वर गुरूच्या १३ पट. बुध ३.३ पट वर राहतो, प्लूटो खाली. ते मान्य झालेलं नाही, पण मला पटतं.

आणि नववा? २०१६ मध्ये बॅटिगिन आणि प्लूटोला घालवणारे तेच माइक ब्राउन यांनी सांगितलं की कायपर पट्ट्यापलीकडच्या काही वस्तूंच्या कक्षा एकाच बाजूला कलल्या आहेत, तेव्हा तिथे पृथ्वीच्या पाच-दहापट जड काहीतरी असावं. अजून सापडलेलं नाही, आणि कल खरा की आपण बघतो त्या दिशांमुळे भासणारा, यावर वाद आहे. चिलीतल्या रुबिन वेधशाळेने २०२५ मध्ये डोळा उघडलाय, तिच्याकडून काही वर्षांत निकाल लागेल. मी परवाच आकडे घालून पाहिले. पाच पृथ्व्यांचं वजन, पाचशे एककं अंतर: उत्तर येतं ३.७. सापडला तर पास होतोय.